डेडलाइन आणि गोपनीयता: संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास पत्र

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सुरक्षित आणि रिअल-टाइम (म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत उत्तर द्यावंच लागणाऱ्या) डेटाबेस या विषयावर पीएच.डी. करायचं मनात आहे, पण 'त्यातलं सगळं नव्वदच्या दशकातच होऊन गेलं' असं कुणीतरी सांगितल्यामुळे मन कचरतंय. सांगणाऱ्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. पायाभूत पेपर तेव्हाचेच आहेत. पण ज्या प्रश्नातून ते पेपर निघाले तो प्रश्न सुटलेला नाही आणि माझ्या मते पूर्णपणे सुटणारही नाही. म्हणूनच त्यावर अख्खी कारकीर्द घालवता येते.

विषय निवडताना एकच गोष्ट बघ. जिथे दोन मागण्या आपापल्या जागी रास्त आहेत आणि तरी एकमेकींच्या आड येतात, ती जागा शोध. मग तिथे कुणाला काय दिलं आणि त्यासाठी कुणाच्या पदरातून काय काढून घेतलं, हे आकड्यांसकट लिही. हे मोघम वाटेल, म्हणून एक उदाहरण सविस्तर मांडते.

समज, डेटाबेसमध्ये दोन स्तर आहेत. वरचा गोपनीय, खालचा सर्वसाधारण. १९७३ मध्ये बेल आणि लापाडुला यांनी मांडलेला नियम असा की खालच्याने वरचं वाचायचं नाही आणि वरच्याने खाली लिहायचं नाही. वरच्याने खालचं वाचायला मात्र मुभा आहे. आता वरच्या स्तरातल्या एका ट्रान्झॅक्शनने, म्हणजे डेटाबेसवर एकसंध चालणाऱ्या एका कामाने, खालची एक नोंद वाचायला घेतली आणि तिच्यावर रीड लॉक बसला: वाचन चालू असेपर्यंत कुणी ती बदलायची नाही. तेवढ्यात खालच्या स्तरातलं एक ट्रान्झॅक्शन तीच नोंद बदलायला आलं. लॉक कधी घ्यायचे-सोडायचे हे ठरवणाऱ्या टू-फेज लॉकिंगच्या नियमाप्रमाणे त्याला थांबावं लागलं. एकही नियम मोडलेला नाही. पण थांबावं लागलं एवढ्यावरूनच खालच्याला कळलं की वर कुणीतरी ही नोंद वाचतंय. वरच्या स्तरात एखादा फितूर प्रोग्रॅम घुसलेला असेल, तर लॉक धरला म्हणजे एक, सोडला म्हणजे शून्य, असं करत तो अख्खी फाइल खाली उतरवू शकतो. एक अक्षरही न लिहिता. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ मध्येच या प्रकाराकडे लक्ष वेधलं होतं. आपण त्याला कव्हर्ट चॅनेल म्हणतो.

यावर उपाय आहे. खालच्याने वरच्यासाठी कधीच थांबायचं नाही. टक्कर झाली की वरचं ट्रान्झॅक्शन अ‍ॅबॉर्ट करायचं, म्हणजे अर्ध्यात रद्द करायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. गळती बंद झाली. पण आता वरच्या ट्रान्झॅक्शनची डेडलाइन ४० मिलिसेकंदांवर आहे आणि खालच्याची पुरत्या एका सेकंदावर, असं धर. शेड्यूलिंगचं, म्हणजे कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवण्याचं, शास्त्र सांगतं, ज्याची डेडलाइन जवळ त्याला आधी वाट द्या, खालच्याला थांबवा. सुरक्षितता सांगते, वरच्याला मारा. दोघांचंही बरोबर आहे. आणि वरच्या स्तरातली ट्रान्झॅक्शनं बहुधा जास्त मोलाची असतात. म्हणजे सुरक्षितता काटेकोरपणे पाळली तर ज्यांच्यासाठी ही सगळी यंत्रणा उभी केली, त्यांचीच कामं सगळ्यात आधी बुडतात.

ही कोंडी नीट समजली की वाचन सोपं होतं. बिंतो जॉर्ज आणि जयंत हरित्सा यांचा २००० सालचा पेपर हाच प्रश्न घेऊन बसला आहे. त्यांनी आधी टकरी सोडवण्याच्या उपलब्ध प्रोटोकॉलपैकी कव्हर्ट चॅनेलपासूनही सुरक्षित कोणते आहेत ते वेगळं काढलं. मग त्यांच्यात वेळेच्या बाबतीत सरस कोण हे सिम्युलेटरवर पाहिलं. नंतर स्तरास्तरांमधल्या टकरीसाठी एक पद्धत आणि एकाच स्तरातल्या टकरीसाठी दुसरी, अशी दुहेरी रचना करून बघितली. आणि शेवटी न्यायाचा प्रश्न घेतला: मरणारी ट्रान्झॅक्शनं सगळ्या स्तरांत सारखी कशी वाटली जातील? त्यासाठी त्यांनी 'गार्ड' नावाचं प्रवेश-नियंत्रण, म्हणजे कुठल्या स्तराची किती ट्रान्झॅक्शनं आत घ्यायची ते ठरवणारं धोरण, सुचवलं. ते जवळपास आदर्श न्याय देतं, पण सेकंदाला एक बिटपर्यंतची गळती ज्याला चालेल त्यालाच. ही अट त्यांनी लपवलेली नाही, सारांशातच लिहिली आहे. मी 'पदरातून काय काढून घेतलं ते लिही' म्हणते ते हेच.

आता त्या एक बिटाकडे जरा बारकाईने बघ. तो आकडा ऑरेंज बुकमधल्या मार्गदर्शनाशी जुळतो. ऑरेंज बुक म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने संगणकप्रणालींची सुरक्षितता तपासण्यासाठी १९८३ मध्ये काढलेले आणि १९८५ मध्ये सुधारलेले निकष. त्यात सेकंदाला १०० बिट ही मोठी गळती मानली आहे आणि एका बिटाहून कमी असेल तर बहुतेक ठिकाणी चालेल असं म्हटलं आहे. तू स्वतः गणित करून बघ. १२८ बिटांची एन्क्रिप्शन की सेकंदाला एक बिट या वेगाने बाहेर पडायला १२८ सेकंद लागतात, म्हणजे दोन मिनिटांहून थोडंसं जास्त. हजारो पानांचा अहवाल बाहेर काढायला हा वेग कुचकामी आहे. एन्क्रिप्शन की चोरायला मात्र भरपूर झाला. तेव्हा 'चालण्यासारखी गळती' हा शब्दप्रयोग कुठेही दिसला की लगेच विचार, गुपित किती मोठं आहे? ते किती काळ गुपित राहायला हवं? मला वाटतं एक चांगला प्रबंध एवढ्या प्रश्नावरही उभा राहील.

वेळेच्या बाजूने तुझ्या पत्रात एक गैरसमज डोकावतो. तू लिहिलंस, 'हल्ली हार्डवेअर इतकं वेगवान झालंय की रिअल-टाइमचा प्रश्न फारसा उरलेला नाही.' जॉन स्टँकोविक यांनी १९८८ मध्ये अशाच गैरसमजांवर लेख लिहिला होता आणि तो आजही वाचावा असा आहे. वेगवान असणं आणि वेळेची हमी देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वेगवान यंत्रणा सरासरी कमी करते. रिअल-टाइम यंत्रणेला सरासरीशी देणंघेणं नसतं. अमुक काम अमुक क्षणाच्या आत होईल का, याचं उत्तर तिने आधी द्यायचं असतं. कॅशे, पाइपलाइन, बफर या वेग वाढवणाऱ्या सोयींनी सरासरी सुधारते, पण त्याच सोयींमुळे एकाच कामाला कधी किती वेळ लागेल याचा अंदाज बिघडतो. शिवाय डेटाबेसमध्ये डेडलाइन फक्त कामाला नसते, डेटालाही असते. सेन्सरने मोजलेलं तापमान काही काळच खरं असतं. तापमान आणि दाब दोन्ही एकेकटे ताजे असले, पण वेगवेगळ्या क्षणी मोजलेले असले, तर त्यांच्या जोडीवरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. नेहमीच्या डेटाबेसला हे दिसतच नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही नोंदी कमिट झालेल्या, म्हणजे कायम झालेल्या, आणि बिनचूक आहेत.

डेडलाइन चुकली की काय होतं, यावर तर सगळंच अवलंबून असतं. कधी अनर्थ होतो. कधी उशिरा आलेल्या उत्तराची किंमत हळूहळू घटत जाते. आणि कधी उशिरा आलेलं उत्तर सरळ फेकून द्यावं लागतं, त्याला फर्म डेडलाइन म्हणतात. हा फरक परिभाषेपुरता नाही. १९८७ मध्ये अगरवाल, केरी आणि लिव्हनी यांनी दाखवलं की लॉकिंग चांगलं की न थांबता काम करून टक्कर शेवटी तपासणारी ऑप्टिमिस्टिक पद्धत चांगली, यावर आधीच्या अभ्यासांनी जी परस्परविरोधी उत्तरं दिली होती, त्यांचं मूळ गृहीतकांत होतं. प्रोसेसर आणि डिस्क अमर्याद धरले तर एक पद्धत जिंकते, मर्यादित धरले तर दुसरी. मग १९९० मध्ये हरित्सा, केरी आणि लिव्हनी यांनी फर्म डेडलाइन घेऊन तोच सामना पुन्हा लावला आणि बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ऑप्टिमिस्टिक पद्धत लॉकिंगच्या पुढे गेली. कारण असं की उशीर झालेली ट्रान्झॅक्शनं बाहेर फेकली जातात. लॉकिंगमध्ये अशा मरणाऱ्या ट्रान्झॅक्शनसाठी दुसरी थांबून राहतात किंवा अ‍ॅबॉर्ट होतात आणि ती कामं फुकट जातात. ऑप्टिमिस्टिक पद्धतीत टक्कर ठरते ती शेवटी, तपासणीच्या वेळी, म्हणजे ट्रान्झॅक्शन पार पडण्याच्या बेतात असताना.

हे दोन पेपर शेजारी शेजारी ठेवून वाच. आकृत्यांच्या आधी गृहीतकांचा तक्ता वाच. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या वर्षी हेच करायला लावते, आणि बहुतेकांना ते कंटाळवाणं वाटतं. तरी कर. दुसऱ्याच्या सिम्युलेटरमधलं एक गृहीतक बदलल्यावर निकाल पालथा होतो का, हे तपासण्यातून पहिला पेपर निघण्याची शक्यता कुठल्याही 'नव्या' कल्पनेपेक्षा जास्त असते.

मार्स पाथफाइंडरची गोष्ट तुला ठाऊक असेलच, पण ती सहसा अर्धी सांगितली जाते. यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी प्राधान्याच्या कामाने एक लॉक धरलेला असायचा. यानाच्या भागांमध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या बसचा कारभार बघणारं उच्च प्राधान्याचं काम त्या लॉकसाठी थांबायचं. आणि मधल्या प्राधान्याचं संपर्काचं काम येऊन हवामानाच्या कामाला बाजूला सारायचं. उच्च प्राधान्याचं काम वेळेत झालं नाही हे पाहून यंत्रणा स्वतःला रीसेट करायची. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. त्यावरचा उपाय, प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला त्याच्यासाठी थांबलेल्याचं प्राधान्य तेवढ्यापुरतं द्यायचं), शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० च्या पेपरात सिद्ध करून ठेवला होता. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तीच बिघाडाची स्थिती उभी केली, कारण शोधलं आणि त्या लॉकसाठी इन्हेरिटन्स चालू करणारा बदल यानावर पाठवला. थिअरी उपयोगाला येते का असं कुणी विचारलं तर हे उदाहरण दे.

आता उरलेली अर्धी. हेच औषध बहुस्तरीय सुरक्षित डेटाबेसमध्ये चालत नाही. खालच्या ट्रान्झॅक्शनने लॉक धरलाय आणि वरचं त्यासाठी थांबलंय, तर इन्हेरिटन्सच्या नियमाप्रमाणे खालच्याचं प्राधान्य वाढेल आणि ते एरवीपेक्षा लवकर संपेल. आपण लवकर संपलो यावरूनच त्याला वरच्याची चाहूल लागेल. एका क्षेत्रात सिद्ध झालेला उपाय शेजारच्या क्षेत्रात गळतीचं भोक ठरतो. दोन क्षेत्रांच्या सीमेवर काम करणाऱ्याला हे दिसतं, एकाच क्षेत्रात राहणाऱ्याला दिसायचं कारणच नसतं. सीमेवर राहण्याची किंमतही आहे, तीही सांगून ठेवते. डेटाबेसवाले परीक्षक म्हणतील हे सुरक्षिततेचं काम आहे, सुरक्षिततावाले म्हणतील हे शेड्यूलिंग आहे, आणि शेड्यूलिंगवाले विचारतील की डेडलाइनची हमी कुठे आहे. तिघांनाही आपापल्या भाषेत उत्तर देता येईल एवढी तयारी ठेव. त्यात दोन वर्षं जास्त गेली तर जाऊ दे.

आता या सगळ्याला धूळ चढली आहे असं वाटत असेल, तर एका संध्याकाळी पोस्टग्रेस हा आजच्या वापरातला डेटाबेस उघडून बसायचं. ९.५ आवृत्तीपासून त्यात रो-लेव्हल सिक्युरिटी आहे, म्हणजे कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात ते धोरण टेबलवरच लावता येतं. एक टेबल कर, त्याला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) दे, आणि धोरण असं लाव की प्रत्येकाला फक्त स्वतःच्या ओळी दिसतील. मग एका युजरच्या नावाने एक ओळ घाल. दुसऱ्या युजरने लॉगिन करून बघ, ती ओळ दिसणार नाही. आता याच दुसऱ्या युजरकडून त्याच कीची नवी ओळ घालायचा प्रयत्न कर. डेटाबेस सांगेल की ही की आधीपासून आहे. जी ओळ अस्तित्वातच नाही असं भासवायचं होतं, तिच्या असण्याची ग्वाही त्या एरर मेसेजने दिली. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे आणि तिथे कव्हर्ट चॅनेल हाच शब्द वापरला आहे.

ऐंशीच्या दशकातल्या सीव्ह्यू या बहुस्तरीय सुरक्षित डेटाबेसच्या प्रकल्पात यावर पॉलीइन्स्टँशिएशन हा मार्ग होता. एकाच कीच्या, वेगवेगळ्या स्तरांच्या दोन ओळी शेजारी शेजारी राहू द्यायच्या. खालच्याला खालची दिसते, वरच्याला दोन्ही. गळती थांबते, पण डेटाबेसमध्ये एकाच वस्तूबद्दल दोन सत्यं नांदू लागतात आणि वरच्याने कुठलं खरं धरायचं हा नवाच पेच उभा राहतो. पुन्हा तीच देवघेव. दोन्ही बाजू स्वतः करून पाहिल्याशिवाय यावर मत बनवू नकोस.

जुने प्रश्न नव्या वेशात कसे परततात, यासाठी पॉल कोचर यांचं काम बघ. १९९६ मध्ये त्यांनी दाखवलं की आरएसएसारख्या एन्क्रिप्शनच्या पद्धतींत गणिताला किती वेळ लागतो हे नुसतं मोजूनही गुप्त की काढता येते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी जाहीर झाली, तेव्हा तिच्यावरच्या पेपरच्या लेखकांत पहिलं नाव त्यांचं होतं. मधे बावीस वर्षं. दोन्हीकडे साधन एकच, घड्याळ. एका साध्या निरीक्षणाला इतकी वर्षं धरून राहणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आणि बांधणारे व फोडणारे दोघांचंही वाच. २०११ मध्ये एमआयटीतल्या गटाने क्रिप्टडीबी मांडलं, ज्यात एन्क्रिप्ट केलेल्या डेटावरच एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, चालतात. कल्पना देखणी होती आणि वेगही वापरण्याजोगा. पण समान मूल्यांचं एन्क्रिप्शनही समान ठेवायचं, किंवा क्रम जपायचा, म्हणजे तेवढी माहिती उघडी पडते. २०१५ मध्ये नावीद, कामारा आणि राइट यांनी वैद्यकीय नोंदींवर दाखवलं की केवळ वारंवारता आणि क्रम यांच्या आधारे अशा स्तंभांतली बरीच मूल्यं परत मिळवता येतात. यात कुणी वाईट संशोधक नव्हतं. पहिल्यांनी काय उघडं पडतं ते सांगितलं होतं, दुसऱ्यांनी त्याचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो ते मोजलं. तुझ्या प्रबंधात दोन्ही प्रकरणं असावीत अशी माझी इच्छा आहे: एक तू बांधल्याचं, दुसरं तूच त्यावर हल्ला केल्याचं.

मार्गदर्शक कसा निवडावा असं विचारलं आहेस. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल आणि एकच विचार, निकाल अपेक्षेविरुद्ध आला तेव्हा ते काय म्हणाले? बाकी किती पेपर, कुठली परिषद, ते सगळं यादीत दिसतंच.

चालू यंत्रणेत त्रुटी सापडली तर आधी ती बनवणाऱ्यांना कळव, दुरुस्तीला वेळ दे, मग छाप. या बाबतीत घाईने मिळालेली कीर्ती मला कधीच पटलेली नाही, कारण मधल्या काळात ज्यांचा डेटा उघडा पडतो त्यांना आपण विचारलेलं नसतं.

विद्यापीठ की उद्योग, हा निर्णय आत्ता करू नकोस. दोन्हीकडे या कामाला जागा आहे. फक्त संरक्षण किंवा तत्सम क्षेत्रातला निधी घेण्याआधी काय छापता येईल आणि काय नाही, हे लेखी ठरव. या विषयात तो प्रश्न इतरांपेक्षा लवकर येतो.

सुरुवात कुठून करायची? माझ्या मनात तीन जागा आहेत. एक, अनेक ग्राहकांचे डेटाबेस एकाच यंत्रावर चालतात तिथे शेजाऱ्याच्या क्वेरीमुळे आपल्याला लागणारा वेळ किती बदलतो, आणि त्या बदलातून शेजाऱ्याबद्दल काय कळतं. दोन, विश्वासार्ह एन्क्लेव्हमध्ये, म्हणजे प्रोसेसरने बाकी यंत्रणेपासून राखून ठेवलेल्या कप्प्यात, चालणाऱ्या डेटाबेसला डेडलाइनची हमी देता येते का. मेमरीकडे जाण्याचा नमुना लपवायचा तर जादा वाचनं करावी लागतात आणि वेळ तिथेच जातो. तीन, डेटाचा ताजेपणा आणि गोपनीयता यांचं नातं, कारण नोंद किती वेळाने बदलली यावरूनही बाहेरच्याला पुष्कळ कळतं. मला स्वतःला तिसरी जागा सगळ्यात आवडते. पहिल्या दोन्हींवर आता बरेच जण काम करतात, तिथे तुझी गती किती असेल ते तूच ठरव.

पुढच्या पत्रासोबत पोस्टग्रेसवरच्या त्या प्रयोगाची नोंद पाठव. एरर मेसेजवर थांबू नकोस. लपलेली ओळ असताना आणि नसताना प्रतिसादाला लागणारा वेळ हजारदा मोज आणि दोन्हींचं वितरण काढ. फक्त सरासरी पाठवलीस तर परत पाठवीन. त्याबरोबर एका पानावर लिही की या तीनपैकी कुठल्या जागेत तुला कोण कुणाच्या आड येताना दिसतं. ते पान हातात आलं की मार्गदर्शकांची नावं सुचवते.

तुझी,
ताई